गाडीने ओढून आणलेलं शहर

लासूरला जायचं म्हटलं की जाणकार माणूस विचारतो, गावात की स्टेशनला? शिवना नदीच्या काठी दाक्षायणी देवीचं लासूरगाव आहे, जुनं, यात्रेचं, बैलबाजाराचं. आणि रुळांच्या कडेला लासूर स्टेशन आहे. या दुसऱ्याच्या नावातच त्याचा इतिहास आला. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडहून निघाली, मीटरगेजचे रूळ माळरानावरून औरंगाबादेकडे गेले, वाटेत एक थांबा झाला. थांब्यापाशी माल उतरू लागला, मालापाशी आडत्ये आले, आडत्यांपाशी हमाल, हमालांपाशी चहाची टपरी. आज गंगापूर तालुक्यातला कांदा आणि कापूस इथे विकायला येतो आणि 'स्टेशन' हेच गावाचं नाव होऊन बसलं आहे.

या प्रकरणात जायचं आहे ते अशाच एका स्टेशनाला. चीनमधलं. आजूबाजूचे तालुके धरून त्याची लोकसंख्या आज एक कोटीच्या वर आहे आणि हेबेई प्रांताची ती राजधानी आहे. नाव शिजियाझुआंग. उच्चाराला अवघड वाटतं, पण अर्थ अगदी घरगुती आहे. 'शी' हे आडनाव, 'जिया' म्हणजे घराणं, 'झुआंग' म्हणजे वाडी. आपल्याकडे शिंदेवाडी असते तशी ही शीवाडी.

विसावं शतक उजाडताना ही खरोखरच वाडी होती. जवळचं मोठं, मानाचं, तटबंदीचं गाव म्हणजे उत्तरेला असलेलं झेंगडिंग. बीजिंग ते हानखौ ही मोठी रेल्वे तिथून जाणार हे ठरलेलं होतं. पश्चिमेच्या डोंगराळ शान्शी प्रांतातून कोळसा आणणारी दुसरी रेल्वे झेंगडिंगला येऊन तिला मिळणार होती. तिचं नावही झेंगडिंग आणि थाइयुआन या दोन टोकांवरून 'झेंगथाई' असं पडलं होतं. पण मध्ये हुतुओ नदी आडवी. तिच्यावर आणखी एक पूल बांधायचा खर्च या मार्गाच्या फ्रेंच अभियंत्यांना नको होता. त्यांनी नदीच्या अलीकडेच, दक्षिण काठाला, रेल्वेचं टोक आणून सोडलं. नाव झेंगडिंगचं, भाग्य शीवाडीचं! १९०७ मध्ये ही रेल्वे पूर्ण झाली. एका पुलाची बचत झाली आणि एका कोटीच्या शहराची पायाभरणी झाली.

आता यातली मजा लासूर-मनमाडकडच्या वाचकाला अधिक कळेल. बीजिंगची रेल्वे रुंद रुळांची होती आणि झेंगथाई रेल्वे मीटरगेजची. म्हणजे शान्शीहून आलेला कोळशाचा डबा पुढे जाऊच शकत नव्हता. सगळा माल इथे उतरवायचा, पलीकडच्या गाडीत चढवायचा. उतारूंनी गाडी बदलायची, रात्र झाली तर मुक्काम करायचा. मनमाड असंच वाढलं. तिथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वेची ब्रॉडगेज आणि निजामाची मीटरगेज एकमेकींना भेटत आणि एकीतलं पोतं दुसरीत जाताना कित्येकांच्या पोटाला लावून जात असे. रुळांच्या रुंदीतला एक-दीड हाताचा फरक माणसांची वस्ती कशी करतो, याचा अभ्यास करायचा तर मनमाड आणि शिजियाझुआंग यांची जोडी घ्यावी. तिकडचा फरक जपानी अंमलात १९३०च्या दशकाच्या शेवटी मिटला. आपल्याकडे मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद व्हायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. तोवर शिजियाझुआंग गिरण्यांचं, कारखान्यांचं शहर झालं होतं आणि १९६८ पासून प्रांताची राजधानी होतं. चिनी लोक या शहराला 'रेल्वेने ओढून आणलेलं शहर' म्हणतात.

अशा शहरात पाहायला काय असणार? बीजिंगचे राजवाडे इथे नाहीत, शांघायसारखा नदीकाठ नाही. बीजिंगहून जलद गाडीने तास-सव्वा तासात येता येतं, म्हणून बहुतेक परदेशी प्रवासी इथे येतच नाहीत, खिडकीतून पाहून पुढे जातात. शहरातली मानाची जुनी वास्तू म्हणजे 'मोठा दगडी पूल', आणि तो १९०७ चा. तो नदीवरचा नाही, रुळांवरचा आहे. रूळ ओलांडताना माणसं गाडीखाली सापडत, म्हणून रेल्वे कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून तो बांधायला लावला असं सांगतात. तो आता स्मारक म्हणून जपला आहे. रेल्वेगेटवर खोळंबण्यात आयुष्याचा काही भाग घालवलेल्या माणसाला या पुलासमोर उभं राहून हात जोडावेसे वाटले तर नवल नाही.

खरं पाहायचं ते शहराबाहेर आहे आणि शहरातल्या बागांत आहे. आधी बाहेरचं उरकू.

शहराच्या आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे लासूर स्टेशनापासून संभाजीनगर जेवढं तेवढ्याच अंतरावर, झाओ तालुक्यात एक पूल आहे. इसवी सन ६०५ च्या सुमारास, सुई राजवटीत, ली छुन नावाच्या कारागिराने तो बांधला. एकच कमान, सदतीस मीटरची, आणि ती अर्धवर्तुळासारखी उंच नाही, धनुष्य जरा ताणावं तशी चपटी. कमान अर्धवर्तुळाची केली की पूल उंटाच्या पाठीसारखा होतो आणि बैलगाडी चढताना बैलांच्या तोंडाला फेस येतो. चपटी कमान गाडीवाल्याला सोयीची, पण ती दोन्ही काठांना बाहेर रेटते. म्हणून ली छुनने मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन लहान कमानी कोरून ठेवल्या. त्यामुळे दगडाचं ओझं कमी झालं आणि पूर आला की जास्तीचं पाणी त्या खिडक्यांतून निघून गेलं. युरोपात ही युक्ती सर्रास वापरली जायला आणखी हजारभर वर्षं जावी लागली. पूल चौदाशे वर्षं उभा आहे.

लोककथेला मात्र ली छुन मान्य नाही. ती म्हणते, पूल बांधला लू बान या सुतारांच्या आणि गवंड्यांच्या आद्य गुरूने, आपल्या विश्वकर्म्याच्या चिनी भावाने. एक सिद्धपुरुष गाढवावर बसून आला आणि म्हणाला, माझं ओझं पेलेल का तुझा पूल? त्याच्या झोळीत सूर्य आणि चंद्र होते. पूल डगमगला तसा लू बानने पाण्यात उडी मारून तो खालून हातांनी तोलून धरला. गाढवाच्या खुरांच्या खुणा फरसबंदीत अजून दाखवतात. दगडी पूल आणि गाढवाचे खूर, यांतलं काय आधी पाहायचं ते ज्याने त्याने ठरवावं. लहान मुलं बरोबर असतील तर खूर.

झेंगडिंगला जायला एवढंही अंतर नाही. रेल्वे हुकलेलं हे जुनं गाव आता शहराचं उपनगर झाल्यासारखं आहे. पण अंगावर जुना दागिना राहिलेल्या खानदानी बाईसारखी त्याची ऐट टिकून आहे. लोंगशिंग मंदिर इथलं, स्थापना इसवी सन ५८६. आत जी मूर्ती आहे ती ९७१ मध्ये सुंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या आज्ञेने ओतली गेली. ब्राँझची, वीस मीटरहून उंच, बेचाळीस हातांची. लोक तिला सहस्रबाहू म्हणतात. पूर्वी सगळे हात ब्राँझचे होते. आता छातीशी जोडलेले दोनच मूळचे, बाकीचे लाकडाचे. देवी आहे क्वानयिन.

आणि इथे मराठवाड्याच्या माणसाने दोन मिनिटं जास्त थांबावं. कारण क्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. भारतातला हा बोधिसत्त्व पुरुष आहे. चीनला गेल्यावर काही शतकांत त्याची करुणामयी स्त्री झाली आणि नावाचा अर्थ राहिला, जगाची हाक ऐकणारी. त्याचं एक फार सुंदर रूप बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात, औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात आहे. मधोमध उभा अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना आठ संकटं: आग, दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक संकटातला माणूस त्याच्याकडे तोंड करून हाक मारतो आहे. हे लेणं साधारण सहाव्या शतकातलं, म्हणजे लोंगशिंग मंदिराची पहिली वीट बसली त्याच शतकातलं. वेरूळच्या वाटेवर सहली निघतात आणि हे लेणं तसंच राहून जातं. झेंगडिंगला जाण्याआधी ते पाहून घ्यावं. रिक्षाने जाता येतं, पासपोर्ट लागत नाही.

झेंगडिंगमध्ये एक गमतीदार 'प्राचीन' वाडाही आहे, दालनांमागून दालनं, कोरीव खिडक्या, बाग. तो १९८०च्या दशकात बांधला आहे. 'लाल हवेलीचं स्वप्न' या अभिजात चिनी कादंबरीवर दूरदर्शन मालिका काढायची होती. तिच्यासाठी तात्पुरता सेट उभारण्याऐवजी गावाने पक्का वाडाच बांधला आणि नंतर तिकीट लावलं. त्या वेळी तालुक्याचे पक्षसचिव होते तिशीतले शी जिनपिंग.

आता बागा.

चीनमध्ये सार्वजनिक बाग ही आपल्याइतकीच नवी गोष्ट आहे. बाग असायची ती राजाची, नाहीतर धनिकाची, भिंतीच्या आत. आपल्याकडेही संभाजीनगरचा हिमायतबाग मोगल काळात बादशाही थाटाचाच होता. आता तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. शांघायला १८६८ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी नदीकाठी 'पब्लिक गार्डन' काढलं, पण त्या पब्लिकमध्ये चिनी माणूस मोजला जात नव्हता. १९२८ पर्यंत त्याला, मालकाबरोबर आलेला नोकर असल्याखेरीज, दार बंद होतं. बीजिंगमध्ये सम्राटाच्या पूजेची जागा १९१४ मध्ये लोकांसाठी बाग म्हणून उघडली आणि पुढे तिला चिनी प्रजासत्ताकाचे जनक सन यत्-सेन यांचं नाव मिळालं. त्यांच्या 'झोंगशान' या नावाच्या बागा आणि रस्ते आज चीनभर आहेत. आपल्याकडे गावोगाव महात्मा गांधी रोड असतो तसा शिजियाझुआंगचा हमरस्ताही झोंगशान रोडच.

चिनी बाग पाहायला दुपारी जाऊ नये. दुपारी ती नुसती बाग असते. सकाळी सहाला जावं. एका कोपऱ्यात वीस-पंचवीस माणसं पाण्यात चालल्यासारखी सावकाश हात हलवत असतात, ते थाय-ची. दुसरीकडे पिसं लावलेलं खुळखुळ्यासारखं काहीतरी पायाने हवेत उडवत ठेवायचा खेळ, आणि खेळणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या. पारावर दोघे बुद्धिबळ खेळतात आणि दहा जण चाली सुचवतात. (चिनी बुद्धिबळात पटाच्या मधून नदी वाहते आणि हत्तीला ती ओलांडता येत नाही.) कोणी पिंजऱ्यातला पक्षी घेऊन येतो, पिंजरा झाडाला टांगतो, वरचं फडकं काढतो आणि इतरांच्या पक्ष्यांबरोबर आपला पक्षी गातो का ते ऐकत बसतो. संध्याकाळी तिथेच मोठा कर्णा लावून बायकांचा सामुदायिक नाच सुरू होतो. तो इतका मोठ्याने चालतो, की आसपासच्या इमारतींची त्याविरुद्ध तक्रार असते. ही तक्रार चीनभर आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पाण्याचं लिखाण. काठीएवढा लांब कुंचला, टोकाला स्पंज, बाजूला पाण्याची बादली. निवृत्त माणूस फरशीवर उभ्याउभ्याच सुंदर अक्षरात जुनी कविता लिहीत जातो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पहिली वाळून गेलेली असते. लोक वाचत वाचत त्याच्याबरोबर पुढे सरकतात. कागद नाही, शाई नाही, खर्च नाही. ही रीत फार जुनी वाटते, पण बीजिंगच्या बागांतून ती पसरली ती १९९०च्या दशकात. आपल्या शहरात आठ-आठ दिवसांनी नळ येतो, तिथे बादलीभर पाण्याने कविता लिहिणाऱ्याचं स्वागत कसं होईल ते सांगायला नको.

शिजियाझुआंगमध्ये चांगआन बाग आहे, तळ्याची, शहराच्या मध्यावर. जवळच प्रांताचं संग्रहालय आहे. पण मराठी माणसाने ज्या बागेसाठी इथे गाडीतून उतरायचं, ती झोंगशान रोडवर पश्चिमेकडे आहे. रुंद वाटा, सुरूसारखी उंच झाडं, सुमारे एकवीस हेक्टर जागा. ही उत्तर चीनमधल्या युद्धात पडलेल्या सैनिकांची समाधीभूमी. १९४८ मध्ये तिचं काम सुरू झालं, १९५४ मध्ये ती खुली झाली. इथे एका बाजूला कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांची समाधी आणि पुतळा आहे. दुसऱ्या बाजूला सोलापूरच्या माणसाची.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा चिनी सेनापती झू द यांनी भारताकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवायचं ठरवलं. अलाहाबादचे अटल प्रमुख, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि दोघे मराठी: नागपूरचे चोळकर, वयाने सगळ्यांत मोठे, आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघालं. वाटेतच, चीनच्या आत असताना, कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जा असं सोबतच्यांनी सुचवलं, ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनान या कम्युनिस्टांच्या केंद्रात पोचलं.

बाकीचे एकेक करून परतले. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीमुळे लवकर. कोटणीस पुढे, आणखी पुढे, आघाडीच्या डोंगराळ भागात गेले. हेबेईच्या याच डोंगरांत बेथ्यून काम करत. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरून नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. 'रुग्णालय' हा शब्द ऐकून इमारत डोळ्यांपुढे आणू नये. शेतकऱ्यांची घरं, भट्टीवजा मातीचे ओटे, शत्रू आला की रोग्यांसकट पाठीवर उचलून न्यायचं दुसऱ्या गावी. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या असं सांगितलं जातं. ते चिनी बोलायला, लिहायला शिकले, विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले, शल्यक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला बसले.

तिथेच शिकवणाऱ्या क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझन यांनी सुचवलेलं नाव ठेवलं, यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या एकामागून एक आलेल्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. आधी त्याच डोंगराळ भागात त्यांना पुरलं, नंतर इथे आणलं. यिनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत, वारला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या आणि कोटणीसांच्या घरच्या माणसांना भेटायला भारतात आल्या.

आपल्याकडे हे नाव राहिलं ते पडद्यामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री चिनी पत्नी. चिन्यांनी आपला चित्रपट १९८२ मध्ये काढला, त्याच वर्षी टपाल तिकीटही. भारताचं तिकीट १९९३ मध्ये आलं. सोलापूरचं घर स्मारक झालं ते २०१२ मध्ये. हे आकडे शेजारी ठेवले की मन जरा खट्टू होतं, पण उशिरा का होईना, घर उभं आहे आणि पाहता येतं.

दर वर्षी एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेला चीनमध्ये छिंगमिंग असतो, पितरांच्या कबरी झाडून पुसून फुलं वाहायचा दिवस. आपल्या सर्वपित्री अमावास्येचा तो भाऊ म्हणावा, फक्त तो वसंतात येतो. त्या दिवशी या बागेत शाळांच्या रांगा लागतात. शहरात कोटणीसांच्या चिनी नावाची एक वैद्यकीय शाळाही आहे, १९९२ मध्ये निघालेली. नव्याने दाखल झालेले विद्यार्थी तिथे त्यांच्या पुतळ्यापुढे उभे राहून शपथ घेतात.

बागेच्या फाटकावर रस्ता विचारायचा झाला तर मात्र 'कोटणीस' म्हणून चालणार नाही. कितीही वेळा, कितीही मोठ्याने म्हटलं तरी पहारेकरी हसून मान हलवेल. चीनमध्ये पोचल्यावर पथकातल्या पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, जोडलं गेलं. म्हणायचं 'के दिहुआ'. 'के' आणि 'दि' दोन्ही कोटणीस या आडनावाच्या चिनी उच्चारातले. एवढं म्हटलं की पहारेकरी हात लांब करून झाडांमधली वाट दाखवतो.